नववी-दहावीच्या मुलांना शोध घ्यायला कसं शिकवायचं? ग्रंथालय, इंटरनेट आणि प्रकल्पवही: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

हे पान शिक्षकांसाठी आणि शाळेच्या ग्रंथालयाची जबाबदारी ज्यांच्या गळ्यात पडली आहे त्यांच्यासाठी आहे. प्रत्येक उत्तराला नवं उदाहरण देण्याऐवजी शक्य तिथे एकच विषय धरला आहे: १९७२ चा दुष्काळ आणि आपलं गाव. महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळांना तो जवळचा आहे, आणि त्याची उत्तरं थोडी पुस्तकात, थोडी सरकारी कागदांत, थोडी आजीच्या तोंडी अशी विखुरलेली आहेत.

मुलांच्या हातात आधी काय द्यायचं, पुस्तक की मोबाइल?

दोन्ही नाही. पहिल्या तासिकेला कोरा कागद द्या आणि प्रश्न लिहून घ्या. ‘१९७२ चा दुष्काळ’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय घेऊन शोधायला बसलेलं मूल पहिल्या संकेतस्थळावरचे चार परिच्छेद उतरवून काढतं, कारण थांबायचं कुठे हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं.

विषयाला चार टाचण्या लावायच्या: कुठे, कधी, कोण, कोणती गोष्ट. मग प्रश्न असा होतो: ‘१९७२-७३ मध्ये आमच्या गावात दुष्काळी कामावर काय बांधलं, आणि ते आज वापरात आहे का?’ प्रश्न जमला की नाही याच्या दोन सोप्या कसोट्या आहेत. पहिल्याच निकालात पूर्ण उत्तर मिळत असेल तर प्रश्न फार लहान आहे. उत्तराला अख्खं पुस्तक लागत असेल तर फार मोठा. ‘दुष्काळ का पडतो?’ हा नववीतल्या मुलाचा लाडका प्रश्न दुसऱ्या कसोटीवर पडतो.

त्याच कागदाखाली आणखी एक ओळ लिहायला लावा: ‘हे कुणाला माहीत असेल, आणि त्यानं ते कुठे लिहून ठेवलं असेल?’ तलाठी, ग्रामपंचायत, वर्तमानपत्र, गावातले म्हातारे अशी नावं मुलं स्वतःच काढतात. पुढचा निम्मा रस्ता त्या ओळीत असतो.

एवढ्या तासिका आणायच्या कुठून?

३५ मिनिटांच्या आठ पुरतात. एक प्रश्नाला, एक शोधशब्दांना, दोन ग्रंथालयात, दोन इंटरनेटवर, एक नोंदी लावायला, एक तोंडी तपासणीला. नववी-दहावीत जलसुरक्षा विषयाला प्रकल्प असतोच, शिवाय इतिहास आणि भूगोलाचे उपक्रम असतात. तिन्ही शिक्षकांनी मिळून एकच प्रकल्प धरला तर वेळ निघतो. फक्त लेखन घरी द्यावं. शोध घरी दिला की तो पालक करतात, किंवा झेरॉक्सच्या दुकानातली तयार पीडीएफ करते.

शोधशब्द शिकवायचे म्हणजे नक्की काय?

सगळ्यात जास्त मेहनत इथे घ्या. ज्या काळाची माहिती हवी त्या काळच्या लोकांनी आणि कचेऱ्यांनी कोणते शब्द वापरले, हे आधी शोधायचं असतं. आपण ‘दुष्काळ’ म्हणतो. सरकारी कागद बहुतेक वेळा ‘टंचाई’ किंवा ‘अवर्षण’ म्हणतो, आणि जुन्या इंग्रजी अहवालांत ‘ड्रॉट’पेक्षा ‘स्केअर्सिटी’ आणि ‘फॅमिन’ जास्त भेटतात. गावातली माणसं यातलं काहीच म्हणत नाहीत. ती म्हणतात ‘बहात्तर साल’, ‘सुकडी’ (दुष्काळात वाटलेलं कोरडं खाणं), ‘मिलो’ (बाहेरून आणलेली ज्वारी), ‘खडी फोडायला जायचो’.

फळ्यावर तीन स्तंभ करा: गावचे शब्द, कचेरीचे शब्द, इंग्रजी शब्द. गटाने प्रत्येक स्तंभात किमान पाच भरायचे. ‘पाझर तलाव’, ‘नालाबांध’, ‘रोजगार हमी’ हे कचेरीत जातील. मग मुलांना दाखवा, की ‘१९७२ दुष्काळ माहिती’ टाकल्यावर शालेय निबंध येतात, आणि ‘१९७२ सुकडी मिलो दुष्काळी काम’ टाकल्यावर आठवणी, लेख, मुलाखती वर येऊ लागतात. ‘माहिती’, ‘मराठी’, ‘निबंध’, ‘प्रकल्प’ हे चार शब्द शोधपेटीत घालायला सरळ बंदी करा. तयार मालाच्या दुकानाचा पत्ता तेच सांगतात.

गुगलच्या कोणत्या युक्त्या मुलांना खरोखर उपयोगी पडतात?

चार पुरेत. शब्दसमूह जसाच्या तसा हवा असेल तर तो दुहेरी अवतरणचिन्हांत घालायचा. नको असलेल्या शब्दाआधी वजाचं चिन्ह, शब्दाला चिकटवून. फक्त सरकारी संकेतस्थळं हवी असतील तर इंग्रजी अक्षरांत ‘साइट’, लगेच कोलन, आणि पुढे जीओव्ही डॉट इन. फक्त पीडीएफ हवी असेल तर इंग्रजीत ‘फाइलटाइप’, कोलन, पीडीएफ. कोलननंतर जागा सोडली की युक्ती फसते. वर्गात दर वेळी निम्म्या मुलांचं इथेच अडतं आणि ‘सर, चालत नाही’ सुरू होतं.

आणखी एक सवय लावा: पहिला निकाल लगेच उघडायचा नाही. दहाही निकालांची नावं आणि खालच्या दोन ओळी वाचायच्या, मग तीन निवडायचे आणि ते का निवडले हे शेजाऱ्याला सांगायचं.

मराठीत शोधलं की काही सापडतच नाही. का?

बऱ्याचदा माहिती असते, यंत्राला ती वाचता येत नाही. त्याची तीन कारणं आहेत.

पहिलं, जुने फाँट. युनिकोड (सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची एकच सांकेतिक पद्धत) रुळण्याआधीचा आणि नंतरचाही बराच मराठी मजकूर श्रीलिपी, सुरेख अशा फाँटांत टाइप झाला. पडद्यावर आपल्याला देवनागरी दिसते, पण आत इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं असतात. ओळखायची खूण सोपी आहे: पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. अक्षरांचा चिवडा आला, तर तो मजकूर शोधात सापडणार नाही. डोळ्यांनीच वाचायचा.

दुसरं, स्कॅन. जुनी पुस्तकं आणि अहवाल ही नुसती पानांची छायाचित्रं असतात. इंटरनेट अर्काइव्हवर अशी हजारो मराठी पुस्तकं आहेत. त्यांची नावं शोधात येतात, आतला मजकूर बहुधा येत नाही. त्यामुळे अनुक्रमणिका वाचून पानाचा अंदाज घ्यायला शिकवावं लागतं.

तिसरं, एकच अक्षर दोन प्रकारे. ‘ॲ’ हे एक अखंड अक्षर म्हणून टाइप होतं, किंवा ‘अ’वर चंद्र देऊन. दिसायला सारखंच. गुगल बऱ्याचदा सांभाळून घेतो, पण पीडीएफमधला शोध आणि ग्रंथालयातला संगणक घेईलच असं नाही. ‘ॲ’ असलेला शब्द सापडला नाही तर त्या अक्षराशिवायचा तुकडा टाकून पाहायचा.

आमच्या जिल्ह्याचे १९७२ चे आकडेच मिळत नाहीत.

तेव्हा तुमचा जिल्हा होता का, हे आधी बघा. जालना १९८१ साली झाला, लातूर १९८२ साली, नंदुरबार आणि वाशीम १९९८ साली, हिंगोली १९९९ साली, पालघर २०१४ साली. लातूरच्या मुलानं उस्मानाबादच्या आकड्यांत शोधायचं, नंदुरबारच्या मुलीनं धुळ्याच्या, हिंगोलीच्यांनी परभणीच्या. अलीकडे बदललेल्या नावांचंही तेच: छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नावं जुन्या कागदांत नाहीत. शोधताना जुनं नाव टाकायचं, लिहिताना दोन्ही.

त्याहून मागे जायचं तर जिल्हा गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची सविस्तर माहिती देणारे सरकारी ग्रंथ, आहेत. जेम्स कॅम्पबेलच्या संपादनाखालचे मुंबई इलाख्याचे खंड मुख्यतः १८८० च्या दशकात निघाले. पुणे, सातारा, नाशिक, सोलापूर, खानदेश, रत्नागिरी त्यात मिळतात. मराठवाडा तेव्हा निजामाकडे आणि विदर्भ मध्य प्रांत-वऱ्हाडात होता, म्हणून ते या मालिकेत नाहीत. राज्य स्थापन झाल्यावरचे गॅझेटियर वेगळे. गोव्यातल्या शाळांना पणजीचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय हाताशी आहे. मात्र १९६१ पूर्वीचे सरकारी कागद पोर्तुगीजमध्ये असल्यानं तिथे मदतीला भाषा जाणणारं माणूस लागतं.

ग्रंथालयात मुलं नुसती कपाटांसमोर उभी राहतात. त्यांना काय करायला लावायचं?

‘दुष्काळावरचं पुस्तक द्या’ हे वाक्य बंद करा. ड्यूई पद्धतीत, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावण्याच्या पद्धतीत, दुष्काळ एका कपाटात राहत नाही. पाऊस आणि हवामान ५५१ मध्ये, शेती ६३० मध्ये, आपत्ती आणि मदतकार्य ३६३ मध्ये, अर्थशास्त्र ३३० मध्ये, इतिहास ९५४ मध्ये, आणि दुष्काळावरची कादंबरी ८९१.४६ मध्ये, म्हणजे मराठी साहित्यात. वर्गाचे सहा गट करा, प्रत्येकाला एक आकडा द्या आणि दहा मिनिटांत तिथून एक पुस्तक आणायला सांगा. टेबलावर सहा पुस्तकं आली, की एका विषयाच्या सहा बाजू वेगळ्या समजावून सांगाव्या लागत नाहीत.

पुस्तक हातात आल्यावर वाचायचं नाही, आधी तपासायचं. शीर्षकपानामागचं पान बघून आवृत्ती आणि वर्ष. मग अनुक्रमणिका. मग शेवटची सूची, असेल तर. मराठी पुस्तकांत ती पुष्कळदा नसते, ही आपल्या प्रकाशनव्यवहाराची जुनी खोड आहे. सूची नसेल तर प्रकरणाची पहिली आणि शेवटची दोन पानं. शेवटी संदर्भग्रंथांची यादी: लेखकानं माहिती कुठून घेतली ते तिथे असतं, आणि पुढचं पुस्तक त्यातूनच निघतं. एका पुस्तकाला तीन मिनिटं.

कोश वापरताना दोन अडचणी हमखास येतात. व्यक्ती बहुधा आडनावाखाली असते, म्हणजे ‘टिळक, बाळ गंगाधर’. आणि क्ष, ज्ञ सगळ्या कोशांत एकाच जागी नसतात, कुठे क आणि ज मध्ये, कुठे अगदी शेवटी. ‘ज्ञानेश्वर’ सापडले नाहीत म्हणून मुलं कोशच मिटवतात.

शाळेत ग्रंथपाल नाही आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांकडे.

मग पेटी करा. विषयाला उपयोगी पडतील अशी २५ ते ३० पुस्तकं निवडून, दाखल क्रमांकांची यादी वर चिकटवून, महिनाभर ती पेटी वर्गात ठेवा. किल्लीचा प्रश्न यादीवरच्या एका सहीने सुटतो.

कमी पडलं तर गावातलं सार्वजनिक ग्रंथालय. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ खाली अनुदान मिळणारी ग्रंथालयं अ, ब, क, ड वर्गांत मोडतात. तालुक्याच्या ठिकाणचं मोठं ग्रंथालय असेल तर संदर्भ विभाग आणि वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली मिळण्याची शक्यता जास्त. शाळेच्या शिक्क्याचं पत्र, मुलांची संख्या आणि विषय चार दिवस आधी पोचवा. संध्याकाळी देवघेवीच्या खिडकीवर गर्दी असते, तेव्हा ३० मुलं नेऊ नका. सहा-सहाच्या गटानं दुपारी जा. ग्रंथालयाच्या संगणकावर मराठी पुस्तकाचं नाव मिळालं नाही तर रोमन अक्षरांत टाकून पाहा, एकदा एका ‘ए’नं, एकदा दोन ‘ए’नं. नोंद करणाऱ्यानं कसं टाइप केलं असेल ते सांगता येत नाही.

जुन्या फायलींचा कागद घडीवर तुटतो. झेरॉक्स यंत्रावर फाइल उलटी दाबायची नाही. परवानगी घेऊन मोबाइलवर छायाचित्र घ्यायचं, आणि त्यात वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख असलेली वरची पट्टी आलीच पाहिजे. ती नसलेलं कात्रण कुठेच जोडता येत नाही. सकाळी निघणाऱ्या अंकातली घटना साधारण आदल्या दिवशीची असते, हेही सांगून ठेवा.

विकिपीडिया चालेल का?

सुरुवातीला चालेल, शेवटी नाही. मराठी विकिपीडियावर प्रत्येक लेखाला ‘चर्चा’ आणि ‘इतिहास पहा’ हे दुवे असतात. लेख शेवटचा कधी बदलला आणि कशावर वाद झाला हे तिथे दिसतं. मुलांनी लेखातलं वाक्य न उचलता त्याच्या तळाच्या संदर्भापर्यंत जायचं आणि तो उघडायचा. तळाला काहीच नसेल तर ते वाक्य वापरायचं नाही.

मराठी विश्वकोश जास्त भरवशाचा. त्याचे वीस खंड आता फुकट ऑनलाइन वाचता येतात. पण त्याच्याही नोंदीचं वय बघावं लागतं. पहिले खंड १९७० च्या दशकातले, म्हणून शहराच्या लोकसंख्येपुढे कंसात १९७१ दिसतं. तो कंस न बघता आकडा आजचा म्हणून उतरवणं ही नववीतली सर्वांत सामान्य चूक आहे.

संकेतस्थळ खरं की खोटं, हे मुलांना कसं ओळखायला शिकवावं?

‘साइट छान दिसते का, स्पेलिंग बरोबर आहे का’ या याद्या निरुपयोगी आहेत. खोटी साइट अतिशय देखणी असू शकते, आणि खरी सरकारी साइट बघवत नाही. त्यापेक्षा पान सोडून बाहेर पडायला शिकवा. नवी टॅब उघडायची, त्या संकेतस्थळाचं किंवा संस्थेचं नाव शोधायचं, आणि इतर लोक तिच्याबद्दल काय म्हणतात ते दोन मिनिटं वाचायचं. मग परत यायचं.

सरावाला ‘युनेस्कोनं जन गण मन हे जगातलं सर्वोत्तम राष्ट्रगीत ठरवलं’ हा व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं फिरणारा संदेश घ्या. युनेस्कोनं असं कधीही जाहीर केलेलं नाही. मुलांना एकच सांगा: ‘युनेस्कोच्या स्वतःच्या पानावर हे दाखवा.’ दहा मिनिटांत वर्ग शांत होतो.

दोन ठिकाणी दोन वेगळी उत्तरं मिळाली तर?

उत्तम, तिथेच थांबा. यासाठी वेगळी तासिका गेली तरी हरकत नाही.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता किती? एका पानावर ८२.९ टक्के, दुसऱ्यावर ८२.३. दोन्ही जनगणनेचेच आकडे आहेत. पहिला आधी जाहीर झालेला हंगामी, दुसरा नंतरचा अंतिम. अंतिम वापरायचा आणि तसं लिहायचं.

दुसरं उदाहरण घरोघरी ऐकलेलं: शिवाजी महाराजांचं जन्मवर्ष. जुन्या पुस्तकांत १६२७, नव्यांत १६३०. बखरींवर विसंबलेल्या परंपरेत वैशाख शुद्ध २, शके १५४९ होतं. लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केलेल्या जेधे शकावलीत (जेधे घराण्याकडच्या, तिथीवार घटनांच्या जुन्या नोंदीत) फाल्गुन वद्य ३, शके १५५१ आहे. पुढे अभ्यासकांनी हीच तिथी मान्य केली, आणि राज्य शासन त्यानुसार १९ फेब्रुवारीला जयंती साजरी करतं. इथे गणित करून घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, पण १ जानेवारी ते फाल्गुनअखेरच्या तिथींना ७९ लागतात. १५५१ अधिक ७८ म्हणजे १६२९. फाल्गुन मात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणून १६३०. एका वर्षानं चुकलेल्या कितीतरी तारखा या एका बेरजेत सापडतात.

तोच नियम दुष्काळालाही लागतो. कुणी १९७२ लिहितं, कुणी १९७३, आणि दोघंही बरोबर असतात. पाऊस एका सालचा गेला, झळ पुढच्या उन्हाळ्यात बसली. रोजगार हमीचंही तसंच: कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

चॅटबॉटला विचारलं तर काय बिघडतं?

तो पुस्तकाचं नाव, लेखक, पृष्ठ क्रमांक सगळं ठासून सांगतो, आणि असं पुस्तक कधी निघालेलंच नसतं. मराठी विषयांत हे जास्त होतं. बंदी घातली तर मुलं घरी वापरतील, म्हणून हद्द आखून द्या: शोधशब्द सुचवायला आणि अवघड इंग्रजी परिच्छेद समजून घ्यायला चालेल. तारीख, आकडा, नाव, अवतरण यांसाठी अजिबात नाही. एक तास असाही घ्या: त्यानं दिलेले पाच संदर्भ ग्रंथालयाच्या यादीत शोधायचे आणि किती सापडले ते फळ्यावर लिहायचं.

आजी-आजोबांची मुलाखत हा पुरावा होतो का?

होतो, पण कसला ते लिहावं लागतं. कामावर काय खाल्लं, किती चालून गेलो, मजुरीसाठी किती थांबलो हे आजीइतकं कुणी सांगणार नाही. गावात पाऊस किती मिलिमीटर झाला हे मात्र तिला विचारू नये. साल विचारण्याऐवजी खूण विचारा: ‘तेव्हा तुमचं लग्न झालं होतं का? थोरले काका केवढे होते?’ त्यावरून साल काढता येतं. ‘दुष्काळात हाल झाले ना?’ असं उत्तर भरलेलं विचारायचं नाही. ध्वनिमुद्रणाआधी परवानगी, आणि वहीत नाव लिहायचं की नाही हेही त्यांनाच विचारायचं.

मुलं उतरवून काढतात. ते थांबवायचं कसं?

कार्डांनी. ए-४ कागदाचे चार तुकडे करा. एका कार्डावर एकच माहिती. वरच्या कोपऱ्यात स्रोताचा क्रमांक आणि पान. मधे माहिती, पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दांत. जसंच्या तसं वाक्य घेतलं तर अवतरणचिन्हांत. खाली एक ओळ: ‘हे माझ्या प्रश्नाला कसं लागू?’ ही ओळ रिकामी राहिली तर कार्ड बाद. प्रत्येकी १२ कार्डं, किमान चार स्रोत, त्यात एक तरी छापील आणि एक तरी असा, जो बाकीच्यांशी जुळत नाही.

पुस्तक न मिटता लिहिलेलं कार्ड लगेच कळतं, त्यात ‘सदर’, ‘तद्वतच’, ‘उपरोक्त’ असतं. संशय आला तर त्यातले आठ-दहा सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून शोधा.

संदर्भ कसा लिहायचा?

आडनाव, नाव, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, गाव, वर्ष, पान. संकेतस्थळ असेल तर पानाचं शीर्षक, संस्थेचं नाव, पूर्ण पत्ता आणि पाहिल्याची तारीख. ‘गुगल’ हा संदर्भ नाही. ‘इंटरनेट’ तर नाहीच.

गुण कशाला द्यायचे?

२० गुण असतील तर प्रश्नाला ३, कार्डांना ७, संदर्भांना ३, न जुळणाऱ्या माहितीचं काय केलं त्याला ३, लेखनाला ४. रंगीत मुखपृष्ठ, चकाकी आणि स्पायरल बाइंडिंगला शून्य, आणि हे पहिल्याच दिवशी सांगा, नाहीतर पालकांचा खर्च होऊन जातो. तोंडी तपासणीला प्रत्येकी तीन मिनिटं: वहीतल्या कुठल्याही वाक्यावर बोट ठेवा आणि ‘याचं कार्ड काढ’ म्हणा.

वर्गात एकच मोबाइल आहे आणि रेंज येत-जात असते.

शिक्षकानं आदल्या रात्री सहा-सात पानं उतरवून घ्यावीत, त्यात एक मुद्दाम कच्चं. निकालांच्या यादीचे स्क्रीनशॉट छापून गटाला द्या आणि ‘यातले तीन निवडा’ हा खेळ कागदावर खेळा. बालभारतीची पाठ्यपुस्तकं आणि ‘किशोर’चे जुने अंक ऑनलाइन फुकट आहेत, तेही आधीच फोनमध्ये घेऊन ठेवता येतात.

प्रकल्प संपल्यावर कार्डांचं काय?

रद्दीत घालू नका. बुटांच्या खोक्यात गावानुसार लावा, खोक्यावर वर्ष लिहा आणि ग्रंथालयाच्या कपाटात ठेवा. पुढच्या नववीनं पहिल्या तासिकेला हा खोका उघडायचा, दहा कार्डं तपासायची आणि चूक सापडली तर लाल शाईनं दुरुस्त करून खाली तारीख घालायची. मूळ ओळ खोडायची नाही.